डुल्फोच्या हातातलं चाक

डुल्फो पाल्मारेसने आपली जीपनी मोडीत द्यायला नेली तेव्हा ती धुऊन, पुसून, बोनेटला मेण लावून नेली. यार्डातल्या माणसाला हसू आलं. म्हणाला, "नोंग," म्हणजे दादा, "हिला आज दाबून चपटी करणार आहेत. लग्नाला नाही चाललीय."

"तुझ्या आईला पुरायला नेशील तेव्हा मळक्या कपड्यांत नेशील का?" डुल्फोने विचारलं आणि किल्ली त्याच्या तळहातावर आपटली.

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात डिझेलवर चालणाऱ्या ज्या काही जीपन्या, जीपसारख्या तोंडाच्या रंगीबेरंगी प्रवासी गाड्या, अगदी शेवटपर्यंत तगून राहिल्या, त्यातली ही एक. मोलोच्या चर्चपासून निघायची, काये रेयाल रस्त्याच्या जुन्या कमानींसमोरून पुढे पूल ओलांडून ला पाझच्या बाजारात पोचायची. डुल्फोच्या बापाने हाच रस्ता चालवला होता. धूर होतो म्हणून सरकारने जुन्या गाड्या बंद करायचं ठरवलं, तेव्हा चालकांनी प्रांताच्या कचेरीसमोर धरणं धरलं. डुल्फो पहिल्या रांगेत होता आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून त्याचा दोस्त आम्बो. पण पोट कुणाचं थांबत नाही. एकेक जण गुपचूप जाऊन गाडी देऊन आला. आम्बोनेही दिली. डुल्फो तेवढा अडून बसला.

त्याला वळवलं ते जावयाने. रोडेल शहराच्या नव्या वीजवाहन प्रकल्पात कामाला होता. मऊ बोलणारा, दारूला न शिवणारा, सासूचा लाडका. एका रविवारी तो जेवायला आला आणि माशाचे काटे काढता काढता सासऱ्याला म्हणाला, "ताताय, जुनी गाडी आज ना उद्या जाणारच. पण शहर जीपनीला विसरायचं नाही म्हणतंय. नव्या गाड्या विजेच्या, पण रूप हुबेहूब जीपनीचं. तेच रंग, तेच आरसे, बोनेटवर तेच धातूचे घोडे. आणि मार्ग तुमचाच. मोलो ते ला पाझ. वारसा मार्ग म्हणणार त्याला. पुढच्या सीटवर कुणी तरणा पोरगा नकोय त्यांना. तुमच्यासारखा माणूस हवाय."

"म्हणजे मी चालवणार?"

रोडेलने माशातला आणखी एक काटा काढला. "तुम्ही पुढे बसणार, ताताय. चाकावर."

डुल्फोची बायको इसाय लगेच उठली आणि तिने जावयाच्या ताटात आणखी भात वाढला.

नवी गाडी पाहिली तेव्हा डुल्फो तिच्याभोवती एक फेरी मारून आला. लांबून पाहणाऱ्याने शपथेवर सांगितलं असतं की ही त्याचीच. कपाळावर निळ्या अक्षरांत ‘जोवेलिन’ लिहिलेलं, त्याच्या लेकीचं, रोडेलच्या बायकोचं नाव. मोडीत जाण्याआधी त्याच्या गाडीचे फोटो काढून नेले होते, त्यावरून उचललेलं. ‘जो’च्या शेपटीला रंगाऱ्याचा हात चुकला होता, ती चूकसुद्धा तशीच छापलेली. डुल्फोला गवताची टोपी मिळाली आणि गळ्यात टाकायला टॉवेल मिळाला. चालक घामासाठी टाकतात तसाच, फक्त इस्त्री केलेला.

तो चढला, चाकावर हात ठेवले. आवाज न करता गाडी हलली. डेपोच्या फाटकाशी त्याने चाक डावीकडे घेतलं आणि गाडी उजवीकडे वळली. गोठ्याची वाट ठाऊक असलेल्या म्हशीसारखी, आपली आपण.

"छान!" मागून प्रकल्पाच्या व्यवस्थापक मिस विलारुझ म्हणाल्या. "आणखी थोडं फिरवा, नोंग डुल्फो. फोटोत हालचाल दिसली पाहिजे."

"हे चाक कशालाच जोडलेलं नाही."

"गाडी स्वतःची स्वतः चालते ना. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त डोळे आहेत तिला. तुम्ही नुसते दिसायला हवेत. फक्त प्रवाशांना सांगू नका हं, काही जण घाबरतात. आणि मजाही जाते."

"आणि हा ब्रेक?"

"तोही दाबा मधूनमधून. पण हलकेच. जोरात दाबला तर खालची फळी वाजते."

तिथेच उतरायला हवं होतं. पुढे कितीतरी वेळा त्याच्या मनात हे येऊन गेलं. पण फाटकाबाहेर इसाय उभी होती, जोवेलिन उभी होती, गल्लीतल्या चार बायका फोन उगारून उभ्या होत्या आणि रस्त्यापलीकडे आम्बो, दोन्ही हात खिशात घालून. सगळे त्याच्याकडे बघत होते. डुल्फो हसला. त्याने चाक जरा जास्तच फिरवलं.

घरी आल्यावर इसायने विचारलं, "कशी आहे रे चालवायला?"

"जड आहे," तो म्हणाला. का म्हणाला ते त्यालाच कळलं नाही. "दिसते हलकी, पण चाक फार जड आहे. खांदे भरून येतात."

त्या दिवसापासून जेवणं झाली की इसाय खोबरेल कोमट करायची आणि त्याचे खांदे चोळायची. तोही सांगत बसायचा, पुलाच्या उतारावर कसं आवरलं, बाजारच्या वळणाला एक मोटारसायकलवाला कसा आडवा आला, आपण कसा वेळेवर ब्रेक मारला. सांगता सांगता त्याला ते खरंच वाटायला लागायचं.

पाहुणे खूश असत. मनिलाहून आलेले, परदेशातून आलेले, सहलीची पोरं. ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढत. थांबायचं असेल की जीपनीत ‘लुगार लांग’ म्हणायचं, हे गाडीतल्या पडद्यावर लिहिलेलं असे. पाहुणे हौसेने तसे ओरडत, डुल्फो मान डोलावत असे, आणि गाडी तिच्या ठरलेल्या थांब्यावर जाऊनच थांबत असे. कुणाच्या काही लक्षात येत नव्हतं.

लक्षात आलं नाही ते नांग पासिंगच्याही.

पासिंग मोलोत चर्चमागच्या बोळात राहायची. नारळाच्या पात्यात बांधलेले चिकट भाताचे इबोस करायची आणि दोन टोपल्या घेऊन ला पाझच्या बाजारात बसायची. वयाने डुल्फोपेक्षा मोठी म्हणून ‘नांग’, म्हणजे ताई, तोंडाने फाटकी, गुडघ्यांनी अधू. किती वर्षं झाली असतील, सकाळी बोळाच्या तोंडाशी डुल्फो गाडी थांबवायचा, उतरून तिच्या टोपल्या आपल्या सीटशेजारी चढवायचा आणि पहिला गरम इबोस तिथेच सोलून खायचा. तिने त्याच्या बापाच्या गाडीतून शाळा केली होती.

नवी गाडी बोळाशी थांबत नव्हती. थांबा चर्चपुढच्या मोकळ्या प्लाझाच्या पार दुसऱ्या टोकाला होता, दगडी चौथरा आणि फुलांच्या कुंड्या असलेला. पासिंगला त्याचं काय? गाडी ‘जोवेलिन’, चाकावर डुल्फो. पहिल्या सकाळी तिने हात केला. डुल्फोनेही हात केला. गाडी निघून गेली.

पासिंगला वाटलं, नवं नवं आहे, सवय नसेल. दुसऱ्या दिवशी ती पदपथ सोडून जरा पुढे आली आणि ओरडली, "ए डुल्फो! डोळे विकलेस का?" तिसऱ्या दिवशी त्याने तिच्याकडे बघितलंच नाही. समोर काचेकडे डोळे लावून बसला, जबडा आवळून. मागच्या बाईने विचारलं, "त्या आजी तुम्हाला हाका मारतायत का?" तो म्हणाला, "मला नाही. दुसऱ्या कुणाला."

पासिंगने मग हात करणं सोडलं. टोपल्या घेऊन ती प्लाझा ओलांडून थांब्याकडे जाऊ लागली. झाडाझाडाखाली टेकत. चौथऱ्यावरच्या रखवालदाराने सांगितलं, एवढं सामान चढवता येत नाही. मग ती तीनचाकीने अर्ध्या रस्त्यापर्यंत आणि पुढे पायी जायला लागली. बाजारात पोचेपर्यंत निम्मी गिऱ्हाइकं निघून गेलेली असत.

रविवारी चर्चमध्ये इसायने तिला हाक मारली, तर तिने तोंड फिरवलं. बाहेर आल्यावर इसायने चार इबोस मागितले. पासिंग म्हणाली, "तुझ्या नवऱ्याच्या गाडीत माझी टोपली मावत नाही, मग माझ्या टोपलीतलं तुमच्या पोटात कसं मावेल गं?" आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या. कुणीतरी म्हणालं, कंपनीचा भात खाल्ला की माणूस बदलतो.

इसाय घरी आली ती पेटलेली. "एक पाय, डुल्फो! एक पाय ब्रेकवर ठेवायचा आहे. म्हातारीला चढवायचं आणि निघायचं. साहेब काय फासावर देणार आहेत तुला?"

"नियम आहे."

"धरण्याला बसला होतास तेव्हा कुठे होते नियम?"

डुल्फो पाण्याचा ग्लास हातात घेऊन बसून राहिला. एक वाक्य बोललं असतं तर सुटला असता. इसाय, ते चाक खोटं आहे. पण त्यापेक्षा लोकांच्या शिव्या बऱ्या. तोंडफिरव्या म्हणा, माजलाय म्हणा, नीच म्हणा. नीच माणूस निदान माणूस तरी असतो. दुकानाच्या काचेत उभा केलेला बाहुला आहोत, हे तो कुठल्या तोंडाने सांगणार होता?

"मला थांबवायची नाही," तो म्हणाला. "म्हणून थांबवत नाही."

इसाय तडक भांडी घासायला बसली. त्या दिवशी तिने तेल गरम केलं नाही. मग दुसऱ्या दिवशी केलं.

सणाचे दिवस जवळ आले. पासिंगकडे नेहमीपेक्षा मोठ्या ऑर्डरी होत्या, टोपल्या दोनाच्या तीन झालेल्या. सकाळी एकही तीनचाकी मिळेना. तेवढ्यात तिला समोरून ‘जोवेलिन’ येताना दिसली, तशी तिने टोपल्या सरळ रस्त्यात आणून ठेवल्या आणि त्यांच्या पुढे कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"थांबव! आज बघतेच कसा जातोस!"

ही गाडी कुत्र्यासाठी थांबते, चेंडूमागे पळालेल्या पोरासाठी थांबते, हे डुल्फोने रोज पाहिलं होतं. पण त्या क्षणी त्याला यातलं काही आठवलं नाही. त्याला दिसली फक्त नांग पासिंग, आणि आपण तिच्या अंगावर चाललोय. त्याने सगळं बळ एकवटून ब्रेकवर पाय हाणला. खालची फळी कडकन तुटली. दोन्ही हातांनी चाक प्लाझाच्या बाजूला ओढलं. चाक भिंगरीसारखं गरागरा फिरलं, एकदा, दोनदा, आणि फिरतच राहिलं.

गाडी सरळ आली आणि टोपल्यांपासून हातभर अंतरावर, धक्काही न देता, थांबली. छतातून एका बाईचा गोड आवाज आला, "मार्गात अडथळा आहे. कृपया धीर धरा."

मागे एक लहान मुलगी ओरडली, "मम्मी, आजोबांचं चाक खोटं आहे!" आधी एक जण हसला, मग सगळे हसले. फोन वर झाले.

पासिंग तोवर खिडकीशी आली होती. "मेल्या, बापाचं नाव घालवलंस! तुझ्या बापाने पुरात गाडी थांबवली होती माझ्यासाठी, आणि तू..." ती तिथेच थांबली. तिला त्याचा पाय दिसला, तुटलेल्या फळीत घोट्यापर्यंत घुसलेला. खाली काहीच नव्हतं. तिला ते चाक दिसलं, कुणी हात न लावता अजून हळूहळू फिरणारं.

"अगं बाई," ती हलक्या आवाजात म्हणाली. "डुल्फो..."

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पासिंगने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं, एक इबोस काढला आणि खिडकीतून त्याच्या मांडीवर ठेवला.

"खा. गरम आहे."

मग तिने एकेक करून टोपल्या पदपथावर ओढून घेतल्या. छतातला आवाज म्हणाला, "मार्ग मोकळा झाला आहे," आणि गाडी निघाली.

शिव्यांनी मोडला नसता तो डुल्फो त्या इबोसाने मोडला. ला पाझला पोचेपर्यंत इबोस त्याच्या मांडीवर तसाच होता.

इसायला बाजारातूनच कळलं. तो घरी आला तेव्हा ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"रोज तुझे खांदे चोळत होते मी," ती म्हणाली. "कशाचे चोळत होते?"

तो उंबऱ्यावर बसून खरचटलेला पाय बघू लागला.

"माझी बोटं दुखायची, डुल्फो. तुला जास्त दुखतंय म्हणून बोलले नाही कधी."

ती आत निघून गेली. तेलाची वाटी तिने त्याच दिवशी घासून इतर वाट्यांत ठेवून दिली.

दोन दिवसांनी रोडेल आला. त्याला वाटत होतं तो चांगली बातमी घेऊन आलाय. "ताताय, कुणी रागावलेलं नाही. उलट तो व्हिडिओ सगळीकडे फिरतोय, लोक विचारत येतायत. मिस विलारुझ म्हणतात, आता लपवायचंच कशाला? पोरांना तुमच्या मांडीवर बसवू, चाक फिरवू देऊ. पाय बरा झाला की या."

"तुला माहीत होतं."

रोडेलने मान खाली घातली. "मूळ आराखड्यात पुढची सीटच नव्हती, ताताय. तिथे आणखी दोन प्रवासी बसणार होते. मी भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, चालकाशिवाय जीपनी म्हणजे पत्र्याचा डबा. बैठकीवर बैठकी झाल्या. ती सीट मी मिळवलीय, तुमच्यासाठी."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गाडी दिली असतीत?"

आपण काय बोलून बसलो ते रोडेलच्या उशिरा लक्षात आलं. त्याचा चेहरा उतरला. इसायने आतून विचारलंही नाही की जेवणार का.

डुल्फो टोपी आणि टॉवेल परत करायला डेपोत गेला. मिस विलारुझच्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्बो बसला होता, दाढी करून, धुतलेला शर्ट घालून. डुल्फोला बघून तो अर्धवट उठला.

"ऐकलं की तू सोडतोयस."

"कुणाकडून ऐकलंस?"

"ऐकलं." आम्बोने टोपीकडे नजर टाकली. "रागावू नकोस. तू सोडणार नसशील तर मी जातो."

"ते चाक खोटं आहे, आम्बो. सगळ्या गावाला माहीत झालंय. पोरं मांडीवर बसवून फिरवायला देणार आहेत."

"असू दे की. माझे गुडघे गेलेत. खरं चाक दिलं तरी आता मला कुठे झेपणार?" मग बाकावर परत बसत म्हणाला, "घरी बसून मी खिडकी बघतो, डुल्फो. दिवसभर. तिथे निदान रस्ता दिसेल."

डुल्फोच्या ओठांवर पुष्कळ काही आलं. आपण दोघं एका चटईवर, उन्हातान्हात, कचेरीसमोर कशासाठी बसलो होतो, असं. पण आम्बोच्या शर्टाची कॉलर उलटी करून शिवलेली दिसली. टोपी त्याने आम्बोच्या डोक्यावर ठेवली. मोठी झाली. "आत कागद घालून घे," म्हणाला आणि निघाला.

नांग पासिंगचं मात्र भलतंच झालं. व्हिडिओत तीही होती, कमरेवर हात दिलेली, गाडी अडवणारी. लोक थांब्यावर येऊन विचारायला लागले, त्या आजी कुठे आहेत, ते इबोस कुठे मिळतात. महिन्याभरात प्रकल्पाने बोळाच्या तोंडाशी नवा थांबा केला. पासिंगला भरतकामाचा झगा दिला. आता सकाळी गाडी तिच्यासाठी थांबते, आम्बो टोपली चढवायचं नाटक करतो, खरी टोपली रखवालदार चढवतो, आणि ती पाहुण्यांना इबोस विकत ला पाझपर्यंत जाते. नुसती प्रवासी होती तोवर त्या गाडीला ती अडथळा वाटत होती.

एकदा तिने खिडकीतून डुल्फोला पाहिलं आणि हात केला. "ये ना! जागा आहे!"

"चालत जातो," तो म्हणाला. "जवळच आहे."

जवळ नव्हतं. तो ओतोनला निघाला होता, शहराबाहेर. तिकडे गावाकडच्या रस्त्यांवर जुन्या जीपन्यांना अजून थोडी मुदत होती, आणि तिथे एका ओळखीच्याच्या पंक्चरच्या दुकानात त्याला काम मिळालं होतं. टायर खोलायचा, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे. घरी इसाय पुन्हा बोलायला लागली होती, भाजी-तांदळापुरतं. जोवेलिन महिन्यातून एकदा एकटीच येऊन जायची.

एका दुपारी एक जीपनी टायर बदलून तयार झाली. तिचा चालक, डुल्फोच्या अर्ध्या वयाचा, समोर नूडल्सच्या टपरीवर बसला होता. मागे दुसरी गाडी खोळंबली होती. चालक तिथूनच ओरडला, "नोंग, जरा पुढे घ्या ना तिला! किल्ली आतच आहे!"

डुल्फोने हात पुसले आणि चढला. किल्ली फिरवली. सगळी गाडी अंगाखाली थरथरली, धूर नाकात गेला, आणि त्याला वाटलं आपल्याला रडू येणार. क्लच, गिअर. गाडी हलली. त्याने चाक डावीकडे घेतलं, गाडी डावीकडे वळली. तो स्वतःशीच मोठ्याने हसला.

पुढे पाण्याचं पिंप होतं. त्याने ते चांगलं लांबून पाहिलं. पाय ब्रेकवर ठेवला आणि दाबला. हलकेच, फळी वाजू नये इतका. गाडी थांबली नाही. क्षणभर तो वाट बघत राहिला, आता थांबेल, आपली आपण थांबेल. मग पत्र्याचा आवाज झाला. पिंप आडवं पडलं आणि सगळं पाणी रस्त्यावर वाहून गेलं.

चालक वाटी टाकून पळत आला. बोनेटवरचा एक घोडा वाकला होता. त्याने घोड्याकडे पाहिलं, मग डुल्फोच्या पांढऱ्या केसांकडे, आणि आलेली शिवी गिळली.

"लागलं नाही ना? उतरा, नोंग," तो म्हणाला. "मी लावतो."

डुल्फो उतरला. पिंप उभं केलं, आणि पाणी भरायला नळाकडे गेला.